वाचकाची दीक्षा : भारतीय विद्यापीठ ग्रंथालयांतील संशोधन-कौशल्य कार्यशाळांचा इतिहास

प्रस्तावना

विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘संशोधन कौशल्ये आणि माहिती तंत्रज्ञान’ या विषयावर कार्यशाळा भरणे ही आता नवलाची बाब राहिलेली नाही. सकाळी नावनोंदणी, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, त्यानंतर पडद्यावर एखाद्या डेटाबेसचे प्रात्यक्षिक, दुपारी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीची ओळख आणि चहापानानंतर प्रमाणपत्रांचे वाटप, असा तिचा क्रम बहुतेक प्राध्यापकांना परिचित आहे. मात्र या कार्यशाळांना काही इतिहास आहे, आणि तो संगणकाच्या आगमनाहून बराच जुना आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तो ‘उपभोक्ता शिक्षण’ या प्रकरणात दोन पानांत आटोपला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी तर तो आपला विषयच मानलेला नाही.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाकडे एका प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले आहे : भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जेव्हा जेव्हा प्रशिक्षण दिले गेले, तेव्हा ते कोणाला दिले गेले आणि कशाचे दिले गेले? उपलब्ध वृत्तांत पाहता असे दिसते की, प्रशिक्षण प्राधान्याने कर्मचाऱ्याला आणि प्राधान्याने साधनाचे दिले गेले. हातात स्वतःचा प्रश्न घेऊन आलेला वाचक हा या प्रशिक्षणाचा केंद्रबिंदू क्वचितच होता. याला एक मोठा अपवाद आहे आणि तो मद्रासचा.

वाचकाविना ग्रंथालये

या स्थितीचे मूळ विद्यापीठांच्या घडणीतच सापडते. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी व पदव्या देणारी होती; अध्यापन महाविद्यालयांत होत असे. अशा विद्यापीठाला ग्रंथालयाची निकड भासण्याचे कारण नव्हते. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार राजाबाई मनोरा व त्याला जोडलेले ग्रंथालय १८७८ मध्ये बांधून पूर्ण झाले. परंतु विद्यापीठाचा स्वतःचा अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा पदव्युत्तर विभाग सुरू झाला तो १९१९ मध्ये. म्हणजे इमारत उभी राहिली त्यानंतर सुमारे चार दशकांनी, जिला ग्रंथालयाची खरी गरज असते अशी संशोधकांची पहिली तुकडी विद्यापीठात आली. मधल्या काळात शोभा होती, शांतता होती, नेमस्त वाचकही होते. मात्र शोध घेण्याची पद्धत कोणी कोणाला शिकवावी असा प्रसंगच फारसा उद्भवला नाही.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन व संशोधनाची जबाबदारी घेण्याची वाट मोकळी केली. याच सुमारास ग्रंथालय-प्रशिक्षणाचे पहिले प्रयत्न दिसू लागतात. पण ते वाचकांसाठी नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले आणि त्याच्या हाताखाली बडोद्यात ग्रंथालय-कर्मचाऱ्यांचा वर्ग सुरू झाला. बडोद्याहून १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले, ही मराठी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे. १९१५ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात एसा डॉन डिकिन्सन याने असाच वर्ग घेतला. वर्गीकरण, तालिकीकरण, दप्तर ठेवण्याची रीत, असे या वर्गांचे स्वरूप होते. ज्या देशात प्रशिक्षित ग्रंथपालच नव्हते तेथे आरंभ कर्मचाऱ्यापासून व्हावा हे योग्यच होते. परंतु आरंभ म्हणून जे क्षम्य होते ते पुढे परिपाठ होऊन बसले.

मद्रासचा अपवाद

शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील अध्यापन सोडून १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या दिवसांतच या एकाकी, निरुद्योगी कामाला ते कंटाळले आणि पूर्वीच्या नोकरीवर परत घेण्याची विनंती करण्यासाठी प्राचार्यांकडे गेले. इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून यावे, त्यानंतरही कंटाळा कायम राहिला तर पाहू, असा सल्ला त्यांना मिळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले, तेथील ग्रंथालये हिंडून पाहिली आणि १९२५ मध्ये ते परतले. त्यानंतर दोन दशके ते मद्रासलाच राहिले.

रंगनाथन यांचे नाव निघाले की १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आलेली पंचसूत्री आणि १९३३ ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती यांचा उल्लेख होतो आणि विषय तेथेच थांबतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे ते त्यांनी वाचकाच्या ‘दीक्षे’संबंधी मांडलेले विचार. त्यांचा संदर्भसेवेवरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी वाचकांचे नवागत, सामान्य पृच्छक, विशेषज्ञ पृच्छक आणि सर्वसाधारण वाचक असे प्रकार कल्पिले आहेत, आणि त्यांतील नवागताला ग्रंथालयाची दीक्षा देणे हे संदर्भ-ग्रंथपालाचे एक स्वतंत्र कर्तव्य मानले आहे.

ही दीक्षा म्हणजे भाषण नव्हे. नवागतांचा लहान गट घेऊन त्यांना मांडण्यांमधून फिरवावे, ग्रंथाच्या पाठीवरील क्रमांक वाचून दाखवावा, तो क्रमांक तसा का पडला हे समजावून सांगावे, तालिकेतील पत्रांची ओळख करून द्यावी आणि मग वाचकाला स्वतः एखादा ग्रंथ शोधायला लावावा, अशी तिची रीत. येथे गणिताचा अध्यापक दिसतो. उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवणे म्हणजे शिकवणे नव्हे, ते विद्यार्थ्याने स्वतः सोडवले पाहिजे, ही वर्गातील जाण त्यांनी ग्रंथालयात आणली. ही रीत शक्य झाली त्याला आणखी एक कारण होते. रंगनाथन मुक्तद्वार पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते होते. मांडण्या कुलूपबंद असतील आणि चिठ्ठी देऊन ग्रंथ मागवावा लागत असेल, तर वाचकाला शिकवण्यासारखे उरतेच काय? चिठ्ठी भरणे! आजही ज्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याला खिडकीतूनच पुस्तक मिळते, तेथे डेटाबेसची कार्यशाळा भरवली जाते तेव्हा या विसंगतीची जाणीव कोणालाच होत नाही, याचे नवल वाटते.

येथे एक बाब नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. खुद्द मद्रासमध्येही जे प्रशिक्षण संस्थारूपाने टिकले ते कर्मचाऱ्यांचेच. मद्रास ग्रंथालय संघाने १९२९ मध्ये सुरू केलेला उन्हाळी वर्ग १९३१ मध्ये विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि १९३७ मध्ये त्याचे वर्षभराच्या पदविका अभ्यासक्रमात रूपांतर झाले. ग्रंथपालाच्या शिक्षणाला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, पदविका मिळाली. वाचकाची दीक्षा मात्र ग्रंथपालाच्या वैयक्तिक निष्ठेवर अवलंबून राहिली आणि माणसे बदलली तशी ती बहुतेक ठिकाणी विरळ होत गेली.

आयोग आणि टक्केवारी

स्वातंत्र्योत्तर काळातील अहवालांची दखल थोडक्यात घेतली तरी पुरेसे आहे. राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठांच्या ग्रंथालयांच्या दुरवस्थेवर कठोर शब्दांत बोट ठेवले आणि अंदाजपत्रकाचा सव्वासहा टक्के भाग ग्रंथालयावर खर्च व्हावा अशी शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) दर विद्यार्थ्यामागे २५ रुपये व दर अध्यापकामागे ३०० रुपये असे वार्षिक प्रमाण सुचवले. या आकड्यांची पुढे अनेक परिसंवादांत आवर्तने झाली. आकडे मागणे सोपे असते आणि न देणेही सोपे असते. ग्रंथ कसे वापरावेत हे शिकवण्यासाठी वेळापत्रकात किती तास असावेत, हा प्रश्न मात्र या चर्चेच्या परिघावरच राहिला. वर्गातील टिपणे व क्रमिक पुस्तक एवढ्यावर पदवी मिळत असेल तर तो प्रश्न विचारणार तरी कोण?

परदेशातील एक प्रयोग आणि एक संज्ञा

अध्यापन-विभागांची ही उदासीनता केवळ भारतीय नव्हती. अमेरिकेत डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाच्या मॉन्टिथ कॉलेजात पॅट्रिशिया नॅप यांनी १९६० ते १९६२ या काळात केलेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. ग्रंथालय-शिक्षण हा सुटा तास न ठेवता ते विषयाच्या अध्यापनातच गुंफावे, विद्यार्थ्याला विषयाच्या गरजेतून ग्रंथालयात पाठवावे, अशी त्यांची कल्पना होती. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातून मुख्य अडचण समोर आली ती विद्यार्थ्यांची नव्हे, तर प्राध्यापकांची. ग्रंथालयाचा वापर हा बौद्धिक विषय आहे, हेच अनेक प्राध्यापकांना पटत नव्हते. इंडियाना राज्यातील अर्लहॅम कॉलेजचे ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनी हीच दिशा पुढे दीर्घकाळ चालवली आणि तेथे ती बऱ्याच अंशी रुजली, कारण लहानशा महाविद्यालयात ग्रंथपाल व प्राध्यापक एकमेकांच्या रोजच्या सहवासात होते.

याच देशात १९७४ मध्ये पॉल झुरकॉव्स्की यांनी ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा वापरली. ती पुढे जगभर पसरली आणि आपल्याकडील परिसंवादांच्या विषयपत्रिकांवर ठळकपणे झळकली. झुरकॉव्स्की हे तेथील माहिती-उद्योगाच्या व्यापारी संघटनेचे अध्यक्ष होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माहिती ही विकण्याची वस्तू होत असताना ती वापरू शकणारा ग्राहक घडवण्याची निकड त्या संज्ञेच्या जन्मकाळी होती. त्यामुळे ती संज्ञा त्याज्य ठरत नाही. परंतु विक्रेत्याचा प्रतिनिधीच जेव्हा ग्रंथालयात येऊन संशोधकांना ‘प्रशिक्षण’ देतो, तेव्हा हा उगम लक्षात असलेला बरा.

संगणक आल्यानंतर

भारतात ग्रंथालयांच्या संगणकीकरणाची पहिली लाट युनेस्कोच्या ‘सीडीएस/आयसिस’ या विनामूल्य संगणकप्रणालीने आणली. तिचे प्रशिक्षण देणाऱ्या कार्यशाळा १९८० व १९९० च्या दशकांत देशभर झाल्या. बसणारे अर्थातच ग्रंथपाल आणि त्यांचे सहायक. १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्प पुण्यातील आयुका या संस्थेच्या आश्रयाने सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्राचा दर्जा मिळाला आणि त्याचे कार्य गुजरातेतून चालू लागले. २००० मध्ये आलेल्या ‘सोल’ या ग्रंथालय-प्रणालीने पुन्हा तोच क्रम घडवला : नवे साधन, त्याच्या कार्यशाळा, आणि त्यांत कर्मचारी.

वाचक या चित्रात आला तो नियतकालिके पडद्यावर आल्यावर. डिसेंबर २००३ मध्ये ‘यूजीसी-इन्फोनेट’ योजनेतून विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली आणि २०१० पासून ‘एन-लिस्ट’मुळे महाविद्यालयांनाही ती सोय झाली. लाखो रुपयांची वर्गणी भरलेली नियतकालिके कोणी उघडतच नाही, ही चिंता ग्रंथालयांना भेडसावू लागली. वापर वाढला नाही तर वर्गणीचे समर्थन कसे करायचे? या चिंतेतून ज्या कार्यशाळा निघाल्या त्यांचा हेतू वाचकाचा प्रश्न सोडवणे हा नव्हता, तर साधनाचा वापर वाढवणे हा होता. दोन्हींत फरक आहे, आणि तो कार्यशाळेत बसणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासात जाणवतो.

त्यानंतरची वाढ नियमांमुळे झाली. २००९ च्या नियमांनी एम.फिल. व पीएच.डी. साठी पूर्व-अभ्यासक्रम अनिवार्य केला. मूल्यांकनाच्या निकषांत संशोधनपद्धतीवरील कार्यशाळांची संख्या मोजली जाऊ लागली, तशी कार्यशाळांची संख्याही वाढली. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यासंबंधीचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास दंड नाही, ही तरतूद संशोधकांना मुखोद्गत झाली. साम्य कसे कमी करावे हे शिकवणारी सत्रे लगोलग निघाली. ती सत्रे आणि संशोधनाची नीती यांचा संबंध काय, हे विचारण्याचे धाडस फार थोड्यांनी केले. २०१९ पासून मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी कशी पाहावी हा कार्यशाळांचा हुकमी विषय होता. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीही इतिहासजमा झाली. साधन शिकवणारी कार्यशाळा साधनाबरोबरच कालबाह्य होते, याची याहून ठळक उदाहरणे सापडणार नाहीत.

२०१९ च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी. पूर्व-अभ्यासक्रमात ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा ३० तासांचा विषय अनिवार्य केला. त्यातील सात तास डेटाबेस व संशोधनाची मापने यांना दिलेले आहेत. त्यांपैकी चार डेटाबेसना आणि तीन मापनांना. कागदावर तरी वाचक-प्रशिक्षणाला प्रथमच सर्वत्र सक्तीचे स्थान मिळाले, ही जमेची बाजू निःसंशय आहे. मात्र या सात तासांत उद्धरणांचे निर्देशांक आहेत, प्रभावांक आहे. ग्रंथसूची नाही, दप्तरखाना नाही, मांडणीपाशी उभे राहणे नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा व्याप आहे. एवढे भांडार उघडल्यावर ‘यातले मला काय हवे?’ हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

मराठी साधनांचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी एका ग्रंथालयात पहिले तीन आठवडे संगणकावरील तालिकेत शब्द बदलून बदलून शोध घेतला आणि हाती काही लागले नाही. जुन्या मराठी नियतकालिकांचे बांधीव खंड त्या तालिकेत चढवलेलेच नाहीत, ते तळघरात आहेत आणि त्यांची हस्तलिखित नोंदवही वेगळी आहे, हे सांगितले ते ग्रंथालयातील एका वयस्क परिचराने. त्याआधी लेखकाने दोन कार्यशाळांची प्रमाणपत्रे मिळवलेली होती.

हा एकट्याचा अनुभव नसावा. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची साधने कार्यशाळेत दाखवल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये फारशी नसतात. ‘शोधगंगा’वर मराठी प्रबंध आहेत, परंतु युनिकोडपूर्व टंकांत छापलेल्या प्रबंधांत देवनागरी शब्द टाकून शोध घेता येत नाही आणि शीर्षके रोमन लिपीत ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिलेली असतात. उलट, शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची, जिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करतो, ती कोणत्याही कार्यशाळेच्या पत्रिकेवर या लेखकाच्या पाहण्यात आलेली नाही. मराठी संशोधकाच्या हाती असलेले हे सर्वांत समर्थ शोधसाधन आहे, आणि त्याला वीजही लागत नाही.

या उलट स्थिती मोडी लिपीच्या वर्गांची दिसते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचा पुराभिलेख विभाग यांसारख्या ठिकाणच्या मोडी वाचनाच्या परंपरेत शिकणाऱ्यासमोर कागद असतो आणि त्या कागदात काय दडले आहे ही उत्सुकता असते. अक्षरांची वळणे त्या उत्सुकतेपोटी पाठ होतात. रंगनाथन यांनी मद्रासला सांगितलेली दीक्षा याहून फार वेगळी नव्हती. आपण अध्यापक मात्र विद्यार्थ्यांना कार्यशाळेला पाठवतो, स्वतः त्यांच्यासोबत बसत नाही, आणि परत आल्यावर काय सापडले हेही विचारत नाही. नॅप यांच्या अहवालातील प्राध्यापक आपल्याला ओळखीचे वाटावेत.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील अकरा विद्यार्थ्यांना घेऊन आमच्या ग्रंथालयात एक लहानसा प्रयत्न करून पाहिला. अट एकच होती, प्रत्येकाने आपला प्रश्न लिहून आणायचा. १८७६–७८ च्या दुष्काळाविषयी त्या काळी मराठीत काय छापले गेले, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने आणला होता. संगणकावर इंग्रजी शब्द टाकताच लेखांची रांग लागली. ते सारे नंतरच्या काळातले, दुष्काळाविषयी लिहिलेले. ‘दुष्काळ’ असे देवनागरीत टाकल्यावर पडदा रिकामा राहिला. मग ग्रंथपालांनी संदर्भ विभागातून दाते सूचीचा पहिला भाग काढून तिच्यापुढे ठेवला आणि ते आपल्या टेबलाकडे निघून गेले. तास संपल्यावर इतर विद्यार्थी निघाले तरी ती बसून होती. तिच्या वहीत नोंदी उतरत होत्या, आणि त्यांतील पुस्तके आज कोणत्या ग्रंथालयात मिळतील हा दुसरा प्रश्न समासात लिहिलेला होता. त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते. ग्रंथपालांनी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचे नाव सांगितले, आणि पुढल्या शनिवारी आम्ही दोघेही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे जायचे ठरवले.